कामाला बांधलेली प्रार्थना : अकरा घरं, उपवासकाळ २०२५, प्रकल्प नोंदी

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

घरं अकरा. बेळगाव कॅम्पात तीन, वडगावच्या मागाच्या गल्लीत दोन, अनगोळात एक (घरचा कर्ता उद्यमबागच्या फाउंड्रीत, पाळी दर आठवड्याला बदलते), खानापूर भागात दोन, निपाणीत दोन, चिकोडीजवळ एक शेतकरी घर. सात घरं प्रोटेस्टंट मंडळ्यांची, चार कॅथलिक. रविवारी उपासनेला किंवा मिस्साला सगळेच जातात. सोमवार ते शनिवार घरात देवाचं नाव कधी आणि कसं निघतं, त्याची घडी बसवणं एवढंच या प्रकल्पाचं काम.

मागच्या वर्षीच्या आगमनकाळात (नाताळाआधीचे चार आठवडे) हेच घड्याळावर करून पाहिलं होतं. सगळ्या घरी रात्री आठला घंटी, आठ-वीसला आमेन. दुसऱ्या आठवड्यात निम्मी घरं गळाली. कारणं लिहून ठेवली होती ती अशी : दुसरी पाळी अकराला सुटते, नळाला पाणी आलं की घर पाण्यामागे धावतं, डेअरीला दूध घालायची वेळ गाठावी लागते, आणि आठला मालिका सुरू होते. यांतलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळी कारणं खरी आहेत. माणसं आळशी नव्हती, वेळ चुकीची निवडली होती.

बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात (ओव्या, म्हणजे क्रमांक दिलेली वाक्यं, ६ व ७) देवाची वचनं मुलांना कधी सांगायची ते दिलं आहे : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. तिथे तासाचा उल्लेख नाही, कामांचा आहे. यंदा प्रार्थना घड्याळाला बांधायची नाही, घरात रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला बांधायची. कुठल्या कामाला, ते प्रत्येक घराने भस्म बुधवारपर्यंत (५ मार्च, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) ठरवायचं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

वाचनाचा तक्ता झाला. मार्काचं शुभवर्तमान घेतलं : बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांतलं सगळ्यांत लहान, वाक्यं छोटी, घटना भरभर. आठ वर्षांच्या मुलालाही पुढे काय झालं ते ऐकावंसं वाटतं.

हिशेब असा. ५ मार्च ते १९ एप्रिल हे ४६ दिवस. त्यांतले सहा रविवार वजा केले की ४० उरतात. भस्म बुधवारला बायबलातल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र ५१. शुक्रवार सात येतात. पश्चात्तापाची म्हणून परंपरेने ठरलेली स्तोत्रं सातच : ६, ३२, ३८, ५१, १०२, १३०, १४३. ५१ वं बुधवारी झालं, म्हणून उरलेली सहा पहिल्या सहा शुक्रवारी आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) स्तोत्र २२. मार्कासाठी ३२ दिवस राहिले.

मार्काच्या पहिल्या पंधरा अध्यायांत ६५८ ओव्या आहेत. १४:४३ (अध्याय १४, ओवी ४३) पासून १५:४१ पर्यंतच्या ७१ ओव्या, म्हणजे अटकेपासून वधस्तंभापर्यंत, उत्तम शुक्रवारी एका बैठकीत वाचायच्या. बाकी ५८७. ३२ दिवसांत रोज सरासरी अठरा, मोठ्याने वाचायला साधारण चार मिनिटं.

सरसकट अठरा-अठराचे तुकडे मात्र पाडायचे नाहीत. पहिल्या मसुद्यात तेच केलं होतं आणि पाचवा अध्याय भलत्या ठिकाणी तुटला. याईराची मुलगी आणि रक्तस्रावाची बाई या दोन घटना मार्काने एकमेकींत गुंफल्या आहेत : बाप घाईने निघतो, वाटेत ती बाई वस्त्राला शिवते, तेवढ्यात मुलगी मेल्याचा निरोप येतो. मध्ये थांबलं तर बापाची ती घालमेल ऐकणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून ५:२१–४३, तेवीस ओव्या, एकाच दिवशी. त्याची भरपाई ४:३५–४१ ला, वादळ शमवण्याच्या फक्त सात ओव्या.

सोळावा अध्याय कुणी आधी वाचायचा नाही. तो ईस्टरच्या पहाटेचा.

१ मार्च, शनिवार

घरांनी निवडलेली कामं जमा झाली. सहा घरं : रात्रीचं जेवण. कॅम्पातलं एक : सकाळचा पहिला चहा. चिकोडी : संध्याकाळची धार काढून किटली डेअरीला गेल्यावर. निपाणीची दोन्ही : विड्या वळायला बसताना. अनगोळ : कर्ता कामावरून आला की, मग दुपारचे साडेतीन असोत की रात्रीचे साडेअकरा. मुलं झोपलेली असली तर? त्यांच्यासाठी सकाळी आईने तोच भाग परत वाचायचा. त्या घराने हे स्वतःहून सुचवलं.

प्रत्येक घरी चार कामं वाटून द्यायची : हाक मारणारा, वाचणारा, गाणं उचलणारा, प्रार्थना करणारा. दर सोमवारी अदलाबदल. बापच सगळं करत असेल तर बाप पाळीवर गेला की उपासना बंद पडते. आगमनकाळात तीन घरी नेमकं तेच झालं होतं. हाक मारायचं काम सगळ्यांत धाकट्याला द्यावं. वडगावची पाच वर्षांची मुलगी "या की ओ सगळी!" म्हणून जी आरोळी ठोकते, ती ऐकून शेजारचा मागही थांबतो.

४ मार्च, मंगळवार

खानापूरकडच्या कॅथलिक घरी मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) आणलेल्या झावळ्या क्रुसाच्या मागे खोचून ठेवलेल्या होत्या. देवळात राखेसाठी जमा करायच्या राहून गेल्या, म्हणून फादरांना विचारून घरीच जाळल्या. उद्या कपाळावर राख लावायची ती देवळातच. ही राख आशीर्वादासाठी तिकडे दिली. कृती इतरांच्या उपयोगाची आहे, म्हणून लिहून ठेवतो.

झावळी कडकडीत वाळलेली हवी. ओलसर असली की नुसता धूर होतो आणि चिकट काजळी धरते. बोटभर तुकडे करून लोखंडी कढईत, अंगणात, वारा नसताना जाळायच्या. ज्वाळा विझल्या आणि तुकडे काळे झाले की लगेच झाकण घालायचं. पुढे जळू दिलं तर राख पांढरट होते. मग कपाळावर दिसतही नाही आणि तिच्यात क्षारही वाढतो. गार झाल्यावर खलबत्त्यात कुटून मलमलीतून चाळायची. मूठभर झावळ्यांची चमचाभर राख उरते.

पाणी घालू नये. राखेत पाणी पडलं की क्षाराचं पाणी तयार होतं आणि कातडी भाजते. घट्ट करायची असेल तर खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरतात.

५ मार्च, भस्म बुधवार

सुरुवात. दहा घरी झालं. एका घरी पाहुणे होते म्हणून राहिलं. पाहुण्यांसमोर संकोच वाटतो हे कारण पुढेही येणार. उपाय एवढाच की पाहुण्यांनाही ओवी वाचायला द्यायची.

उपासाबद्दल घरोघर विचारणा झाली. कॅथलिक नियम स्पष्ट आहे : भस्म बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे उपासाचे दिवस, वय १८ ते ५९, एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं, मांसवर्ज्य चौदा वर्षांपासून पुढे. प्रोटेस्टंट घरांत असा नियम नाही, ज्याचा त्याने ठरवायचा. तीन गोष्टी सगळ्यांसाठी : मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी धरू नये, आणि भट्टीपुढे काम करणाऱ्याने पाणी कधीच सोडू नये.

मूठ सुरू केली. रोज रात्रीचा भात लावताना मापातून एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात. बाईच्या मुठीत चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम बसतात. चाळीस दिवसांत घरटी पावणेदोन किलोच्या आसपास. ईस्टरला ते मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना. उरलेल्यातून मूठ काढायची नाही, शिजवायच्या आधी काढायची. भात तेवढा कमी शिजतो, हाच त्यातला उपास.

८ मार्च, शनिवार

तीन दिवसांत मोठा दोष सापडला, तोही जेवणाशी बांधलेल्या सहाही घरांत.

पहिल्या रात्री वाचन जेवणाआधी ठेवलं होतं. मुलं भुकेली, भाकरी गार होते, आमटीवर साय धरते, आणि वाचणारा ओव्या गिळतो. दुसऱ्या रात्री जेवणानंतर ठेवलं. ताटं उचलली गेली आणि घरातल्या बायका भांड्यांमागे मोरीत गेल्या. पुरुष आणि मुलं आत वाचतात, बाहेर भांड्यांचा आवाज, आणि ज्या बाईने दिवसभर राबून स्वयंपाक केला तिच्या कानावर एक अक्षर पडत नाही. दोन घरी सासूबाईंनी "आमचं काय, आम्ही ऐकतोय की इथनं" म्हणून सोडून दिलं. ते सोडून देण्यासारखं नव्हतं.

आता जागा ठरली : जेवण झालं, पण ताटं अजून जमिनीवरच आहेत, त्या मधल्या वेळात. कुणी उठायचं नाही. उठतो तो फक्त वाचणारा, हात धुऊन पुसून येतो, कारण उष्ट्या हाताने शास्त्राला शिवणं म्हाताऱ्यांना खपत नाही आणि ते बरोबरच आहे. बाकी सगळे आपापल्या ताटासमोर, कडेला बोटाने रेघा ओढत, ऐकत. रिकामी ताटं समोर असली की आभार मानायला शब्द शोधावे लागत नाहीत.

एक तक्रार आली : अन्न वाळून ताटं घासायला जड जातात. चमचाभर पाणी ताटात सोडून बसायचं. सुटला प्रश्न.

क्रम पक्का झाला. गाण्याचं एक कडवं, वाचन, दहा श्वास शांतता, एक प्रश्न, प्रार्थना, सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. एकूण बारा मिनिटं. शांतता आधी एक मिनिट ठेवली होती. मुलांना हसू फुटायचं. श्वास मोजायला दिले की मुलं मोजण्यात गुंततात आणि शांत होतात.

प्रश्न रोज एकच : "आज कुठला शब्द कानात राहिला?" अर्थ विचारायचा नाही. अर्थ विचारला की घरात एकच माणूस बोलतो.

१४ मार्च, शुक्रवार

आज धुळवड आणि उपवासकाळातला शुक्रवार एकाच दिवशी. इकडे धुळवडीला घरोघर मटण शिजतं आणि शेजारून वाटी येतेच. अकरापैकी नऊ घरी आली.

आधीच सांगून ठेवलं होतं : वाटी परत करायची नाही. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेलं परत करून आपण कुठलाही उपास पाळत नसतो. घ्यायची, "आज शुक्रवार हाय, उद्या खातो" असं सरळ सांगायचं, झाकून फ्रिजमध्ये. उद्या नीट उकळी आणून खायचं. वाटी रिकामी परत जाऊ नये. दोन घरांनी गूळ-शेंगदाण्याचे लाडू घालून दिली. एका शेजारणीने उलट विचारलं, शुक्रवारचं काय असतं तुमचं? घरच्या आजीने दोन वाक्यांत सांगितलं. शुक्रवारी प्रभू मेला, म्हणून. असं साधं सांगणं पुरतं.

आज स्तोत्र ३२, अकरा ओव्या. तिसऱ्या ओवीत पाप लपवून ठेवल्यामुळे हाडं जीर्ण झाल्याचं आहे. अनगोळच्या घरी "हाडं" हा शब्द कानात राहिला.

१९ मार्च, बुधवार

लिपीची अडचण. चार मुलं कन्नड माध्यमात आहेत, दोन इंग्रजी. बोलतात अस्खलित मराठी, पण देवनागरी वाचताना बोट ठेवून अक्षर-अक्षर जोडतात. सगळ्यांसमोर अडखळायची लाज वाटते आणि वाचनाची पाळी आली की पोट दुखायला लागतं. दोघांचं खरंच दुखत होतं.

उपाय केला : त्यांच्या वाट्याच्या सहा ओव्या कन्नड लिपीत हाताने उतरवून दिल्या. भाषा मराठी, अक्षरं कन्नड. उतरवताना जपायचं ते असं : "जागा" आणि "जन्म" यांतले दोन ज देवनागरीप्रमाणेच कन्नड लिपीतही वेगळे दाखवता येत नाहीत, तसेच "चाक" आणि "चिन्ह" यांतले दोन च. मूल मराठी बोलणारं असेल तर ओळखीच्या शब्दात अडत नाही; पण "बालजबूल" (अध्याय ३) सारखी नावं आधी एकदा मोठ्याने म्हणून दाखवावी लागतात. शेजारच्या ओळीत तोच मजकूर देवनागरीत ठसठशीत लिहिला की तीन आठवड्यांत डोळा आपोआप तिकडे वळतो.

दोन घरी सून कन्नड घरातून आलेली आहे. तिथे प्रभूची प्रार्थना एक दिवस "हे आमच्या स्वर्गातील पित्या" आणि एक दिवस "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये". खानापूरच्या घरी जपमाळ कोंकणीतच होते, "नमान मारिये" म्हणत, आणि वाचन मराठीत. हात लावला नाही. माणूस आजारपणात ज्या भाषेत कण्हतो, त्या भाषेत त्याची प्रार्थना असावी.

जपमाळेची वेळ : पाच दशकं (दहा-दहा मण्यांचे भाग), मण्यांवर ५३ वेळा मरियेची प्रार्थना, म्हणजे पंधरा ते वीस मिनिटं. मार्काचं वाचन आणि अख्खी जपमाळ एका बैठकीत मुलांना झेपत नाही. कॅथलिक घरांनी ताटांपाशी वाचन आणि एकच दशक, आणि मोठ्यांनी उरलेली माळ झोपताना, असं वाटून घेतलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्यं (येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग) येतात, ती उपवासकाळाला धरूनच आहेत.

२२ मार्च, शनिवार

आज कर्नाटक बंद. एसटी नाही, निपाणीला जाणं रद्द. घरांची उपासना त्यावर अवलंबून नाही, सगळीकडे झाली. दहावीची परीक्षा सुरू आहे. परीक्षेच्या मुलांना पाळीतून मोकळं केलं, बसण्यातून नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरची चूक इथे नोंदवणं भाग आहे. प्रार्थनेचे विषय गटावर टाकायला सांगितले होते. एका बाईचं दुखणं नावासकट आणि तपासणीच्या निकालासकट टाकलं गेलं, ते पुढे पाठवलं गेलं, आणि तिला ते बाजारात दुसऱ्याच माणसाकडून ऐकावं लागलं. तिने आठवडाभर प्रार्थनेला बसणं सोडलं. तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. नियम केला : गटावर "एका आजारी बहिणीसाठी" एवढंच. नाव हवंच असेल तर ते तोंडी, तिची परवानगी घेऊन. वहीत नाव लिहायचं तर वही घरातच राहील.

वहीचे रकाने तीन : तारीख, विषय, काय झालं. तिसरा रकाना भरायची घाई करू नये. काही ओळी वर्षभर कोऱ्या राहतील.

वारांचे विषय : सोमवारी नातेवाईक, मंगळवारी आजारी, बुधवारी शेत-पाऊस आणि कामावरचे सोबती, गुरुवारी मंडळी आणि पाळक, शुक्रवारी स्वतःची पापं, शनिवारी शेजारी, गाव आणि दोन्ही राज्यांचे अधिकारी. शनिवारचा विषय पहिल्या तीमथ्याच्या दुसऱ्या अध्यायातून घेतला आहे. सीमाभागात तो मनापासून म्हणणं सोपं नाही, म्हणूनच ठेवला.

२७ मार्च, गुरुवार

निपाणी. प्रकल्पातलं सगळ्यांत चांगलं चाललेलं काम इथे दिसलं.

विडी वळताना हात आणि डोळे गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. सूप मांडीवर, पान कापलेलं, जर्दा भरायचा, वळायची, टोक मुडपायचं, दोरा. पंचवीस झाल्या की बंडल. मजुरी हजारावर. पुस्तक हातात धरणं शक्यच नाही, म्हणून इथे पाठांतर घेतलं. नियम : एक बंडल बांधलं की एक ओवी मोठ्याने. स्तोत्र २३ सहा ओव्यांचं, म्हणजे दीडशे विड्यांत एकदा पूर्ण होतं. हजार विड्यांची चाळीस बंडलं; दिवसाला ते स्तोत्र सहा वेळा पूर्ण होऊन वर चार ओव्या. दुसऱ्या दिवशी पाचव्या ओवीपासून पुढे.

पहिल्या आठवड्यात चूक झाली होती : प्रत्येक विडीला एक शब्द, असं ठरवलं. वेग मंदावला, मजुरी बुडाली, आणि शब्द सुटे-सुटे होऊन अर्थ गेला. बंडल बांधताना हात तसेही क्षणभर थांबतात, ओवी तिथे बसते.

तीन आठवड्यांत दोन्ही घरी २३ आणि १२१ (आठ ओव्या) पाठ. आता १३० घेतलं आहे, तेही आठ ओव्यांचं आणि ४ एप्रिलच्या शुक्रवारचं. शेजारी बसणाऱ्या बायका ख्रिस्ती नाहीत. त्यांतल्या एकीलाही २३ वं येऊ लागलं आहे. तिच्यावर काही लादायचं नाही, असं घरच्यांना सांगितलं. ती ऐकते, तेवढं बस.

वडगावला हे जमत नाही. पॉवरलूमच्या खडखडाटात ओवी स्वतःलाही ऐकू येत नाही. तिथे आंधळ्या बार्तीमयाची हाक दिली (मार्क १०:४७) : येशू, माझ्यावर दया कर. कांडी बदलायला माग थांबतो तेव्हा, मनातल्या मनात, एकदा.

३० मार्च, रविवार

पाडवा. शेजारून पुरणपोळी आली. रविवार उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत मोजत नाहीत, प्रभूच्या पुनरुत्थानाचा वार आहे. म्हणून निःशंक खाल्ली.

तांदळाचे डबे तपासले. तीन घरी सोंडकिडे. मार्चची उष्णता आणि ओल्या हाताने काढलेली मूठ, ही दोन कारणं. तांदूळ ताटात पसरून सावलीत वाळवले. उन्हात घातले तर तडकतात आणि भात मोडतो. डब्यात सुकी कडुनिंबाची पानं. दुसरी गोष्ट : एका घरी इंद्रायणी, एका घरी सोना मसुरी, एका घरी रेशनचा जाडा. एकत्र केले तर एक शिजतो तोवर दुसऱ्याचा गोळा. गोळा करताना पिशव्या वेगळ्याच ठेवायच्या. चिकोडीच्या घराने तांदळाऐवजी जोंधळे घातले आहेत, रोज भाकरीच खातात म्हणून. योग्यच.

६ एप्रिल, रविवार

गाण्याची बैठक, कॅम्पात. तक्रार अशी होती की गाणं उचललं की पुरुष गप्प होतात, नाहीतर बायका. सूर तपासला. पेटीवाला सवयीने काळी एक धरत होता. बायकांना खालचे स्वर लागत नव्हते. काळी चार धरली तर पुरुषांचा वरचा षड्ज फाटतो. पांढरी चारवर दोघांचं जमलं. पेटी नसलेल्या घरी घरातल्या सगळ्यांत धाकट्या बाईने उचलावं, इतरांनी तिच्यामागे जावं.

चाल भजनाचीच ठेवावी, आठ मात्रांचा भजनी ठेका, टाळ. मराठी ख्रिस्ती माणसाला हे परकं नाही : फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीतच रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांची भजनं आजही मंडळीत म्हटली जातात. फोनवर गाणं लावून त्यामागे गुणगुणणं बंद केलं. फोन गातो आणि घर ऐकतं, ते नको.

दुसरा विषय अवघड होता. एका घरी वडील वाचताना मुलाकडे बघून वाचतात. नवव्या अध्यायात "हात तुला पाप करायला लावत असेल तर" आलं आणि त्याच रात्री मुलाच्या सिगारेटवर वीस मिनिटं बोलणं झालं. मुलगा दुसऱ्या दिवसापासून उशिरा येतो. नियम सगळ्या घरांसाठी : वाचलेल्या भागातलं काहीही त्या दिवशी कुणाला रागावायला वापरायचं नाही. रागवायचं असेल तर दुपारी रागवा. त्या वडिलांना आठवडाभर हाक मारायचं काम दिलं, वाचन मुलाकडे.

१२ एप्रिल, शनिवार

उद्यासाठी गहू भिजवले. घरटी पन्नास ग्रॅम, बारा तास. योहान १२:२४ मधला जमिनीत पडून मरणारा दाणा मुलांना डोळ्यांनी दिसावा म्हणून. गहू घरच्या डब्यातला किंवा ओळखीच्या शेतातला. पेरणीच्या पाकिटातला नको, त्याला औषध चोळलेलं असतं आणि मुलं हात तोंडात घालतात.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

पसरट ताटलीत दोन बोटं माती, भिजलेले गहू एका थरात, वर मातीचा पातळ पापुद्रा. दोन दिवस फडक्याने झाकून अंधारात, मग उजेडात, थेट उन्हात नाही. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

सात ताटल्या हिरव्या. दोन ठिकाणी पांढरी बुरशी : मोड आल्यावरही फडकं काढलं नव्हतं आणि तळाला पाणी साचलं होतं. एका घरी काहीच उगवलं नाही, गहू दोन वर्षांचे होते. एक ताटली कोंबडीने उकरली. वेळ आहे, पण ईस्टरपर्यंत नवे गहू चार बोटं होणार नाहीत. शेजारच्या घरातून अर्धी मूठ रोपं मातीसकट उचलून द्यायची.

आज १४:१२–४२. येशूचं शेवटचं भोजन आणि गेथशेमाने बागेतली प्रार्थना. पाच घरांनी आज वाचन ताटांसमोर न ठेवता, भाकरी मोडायच्या आधी ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

उपासनेहून परतल्यावर १४:४३ ते १५:४१, एकाहत्तर ओव्या. वीस मिनिटं लागली. पंधरा धरली होती. गाणं नाही, प्रश्न नाही. १५:३४ ला येशूच्या आरोळीपाशी थांबून स्तोत्र २२ ची पहिली ओवी वाचली, आणि मग उरलेलं. ती आरोळी त्या स्तोत्राची सुरुवात आहे, हे बऱ्याच मोठ्यांनाही आज पहिल्यांदा कळलं. सबंध स्तोत्र शेवटी.

१९ एप्रिल, शनिवार

१५:४२–४७. सहा ओव्या. कबरेच्या तोंडाशी धोंड. मग दिवा मालवला.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटे १६:१–८. गव्हाच्या ताटल्या दारात ठेवल्या. सर्वांत उंच सहा बोटं, खानापूरची.

तांदूळ मोजले : दहा घरांचे साडेसोळा किलो. हिशेबाने साडेसतरा यायला हवे होते, पण मुलांच्या मुठी लहान. चिकोडीचे जोंधळे दोन किलो वेगळे. पाच घरी वाटले.

२१ एप्रिल, सोमवार

पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी दुपारी आली. कॅथलिक घरांनी रात्री अख्खी जपमाळ म्हटली. कॅम्पातली दोन प्रोटेस्टंट घरं शेजारी जाऊन बसली.

४ मे, रविवार

तक्ता संपून दोन आठवडे झाले. नऊ घरी अजून सुरू आहे. वाचन आता प्रेषितांच्या कृत्यांचं, ८ जूनला पेंटेकॉस्टपर्यंत पहिले बारा अध्याय.

बंद पडलेली दोन्ही घरं पाहिली. एक सकाळच्या चहाशी बांधलेलं होतं. शाळेला सुट्टी लागली, मुलं उशिरा उठतात, चहा आता तीन वेळा होतो. चहा सोडून दिवेलागणीला बांधलं. दुसऱ्या घरी सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे, आणि गाणं तीच उचलत होती. तिथे महिनाभर गाणं वगळून सुरू करायला सांगितलं.

चिकोडीचं घर जूनमध्ये पेरणीत अडकेल, तेव्हा धार काढायची वेळही हलेल. त्यांनी आत्ताच विचारलं आहे, बांधावर न्याहारीला बसतो तेव्हा वाचलं तर चालेल काय. चालेल. शास्त्राला प्लास्टिकची पिशवी, आणि वाचणाऱ्याने आधी हात धुवावेत.

सून माहेरी गेलेल्या त्या घरी पुढची भेट १८ तारखेला.